शाळेत पाठवायचे की नाही, हे आदल्या रात्री ठरवा

वाचकाचे पत्र

माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो आणि मुलगी तीन वर्षांची आहे. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. मी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईचे काम करते. मजुरी डझनावर मिळते, म्हणजे ज्या दिवशी घरी राहिले त्या दिवशी हातात काहीच येत नाही. पती यंत्रमागावर आहेत. त्यांची एक आठवडा दिवसपाळी असते, एक आठवडा रात्रपाळी. सासूबाई घरीच विड्या वळतात. गेल्या महिन्यात मुलाला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग जरा कोमट लागले, म्हणून साडेसहाला तापाचे औषध पाजून त्याला शाळेत पाठवले. साडेदहा-अकराच्या सुमारास शाळेतून फोन आला. मुलगा बाकावर डोके टेकून पडला होता आणि अंग भाजत होते. बाईंनी इतर पालकांसमोर मला बरेच ऐकवले. तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. सासूबाई म्हणतात, कोणतेही दुखणे असो, आठ दिवस पोराला उंबऱ्याबाहेर काढू नये. पती म्हणतात, शाळेत गेला की खेळण्यात सगळे विसरेल. शाळा म्हणते, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, आणि चिठ्ठीसाठी पुन्हा तपासणीचे पैसे मोजावे लागतात. त्यातच हल्ली मुलगा अधूनमधून सकाळी पोटात दुखते म्हणतो. ते खरे की निमित्त, हे कळत नाही. कोणत्या आजारात किती दिवस घरी ठेवायचे आणि ते आपण कसे ठरवायचे, हे कृपया सांगावे.

— एक आई, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरातल्या प्रत्येकाच्या आणि शाळेच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. सासूबाईंचे आठ दिवस कांजिण्यांना जवळपास बरोबर बसतात, परंतु साध्या सर्दीला ते फार होतात. पतींचे म्हणणे वाहत्या नाकापुरते खरे आहे, तापाला ते लागू पडत नाही. शाळेला इतर मुलांची काळजी आहे आणि ती रास्तच आहे. मात्र तिने मागितलेल्या चिठ्ठीने ती काळजी दूर होतेच असे नाही.

माझ्या मते हे ठरवताना दोनच प्रश्न विचारायचे असतात. मुलाला शाळेचा पूर्ण दिवस झेपेल का, आणि त्याच्यामुळे शेजारी बसणाऱ्या मुलाला आजार लागेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांपेक्षा आईला अधिक चांगले देता येते. मूल नेहमीच्या निम्मे तरी जेवले का, रात्री सलग झोपले का, लघवी नेहमीसारखी होते का, धाकट्या बहिणीशी भांडण्याइतका जोम परत आला का, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजारागणिक वेगळे असते आणि ते मी पुढे सांगते. त्याआधी माझा सर्वांत जास्त भर ज्या गोष्टीवर आहे ती सांगून टाकते: हा निर्णय सकाळी घेऊ नका. सकाळी डबा भरायचा असतो, नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर भरण्याची घाई असते, कामाची वेळ डोक्यावर असते. शिवाय शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि संध्याकाळी वाढते, त्यामुळे आदल्या रात्री तापलेले मूलही सकाळी सहाला बऱ्याचदा गार लागते. म्हणजे निर्णयाला जी वेळ सर्वांत वाईट, नेमकी तीच आपण निवडत असतो. रात्रीची जेवणे झाली की ठरवा, घरी कोण थांबणार हेही त्याच वेळी ठरवा आणि सकाळी केवळ खात्री करून घ्या. रात्री ‘उद्या नाही’ असे ठरले आणि सकाळी मूल टवटवीत दिसले, तरी ठरलेले मोडू नका. उलट रात्री ‘उद्या जायचे’ असे ठरले आणि सकाळी अंग तापले, तर मात्र निर्णय जरूर बदला.

आता तापाविषयी. नियम असा की तापाचे औषध न देता सलग २४ तास ताप आलेला नसावा. यातले ‘औषध न देता’ हे शब्द घरोघरी गळून पडतात. पॅरासिटामॉल ताप खाली आणते, तापाचे कारण घालवत नाही, आणि त्याचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. तुमच्या मुलाला साडेसहाला दिलेल्या औषधाचा परिणाम साडेदहाच्या सुमारास ओसरू लागला आणि त्याच सुमारास तो बाकावर आडवा झाला. त्यात मुलाचे नाटक नव्हते आणि बाईंचा कांगावाही नव्हता. हिशेब असा करावा: मंगळवारी रात्री नऊला शेवटचा ताप मोजला आणि त्यानंतर औषध द्यावेच लागले नाही, तर बुधवार घरी काढायचा आणि गुरुवारी शाळेत पाठवायचे. मधल्या काळात एकदा जरी औषध द्यावे लागले, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ताप मोजायला डिजिटल थर्मामीटर घ्या. तो औषधाच्या दुकानात सहज मिळतो आणि तुमच्या अर्ध्या दिवसाच्या खाड्यापेक्षा स्वस्त पडेल. सासूबाईंचा हात अनुभवी असला, तरी बाहेरून येऊन गार पाण्याने धुतलेल्या हाताला कोणतेही कपाळ गरम लागते. थर्मामीटरचे टोक काखेच्या खोलगट भागात, कातडीला नीट टेकेल असे ठेवून हात अंगालगत दाबून धरा आणि तो वाजेपर्यंत सोडू नका. बनियनच्या कापडावर टोक टेकले तर आकडा चुकतो. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस आणि त्यावर, याला ताप म्हणतात. काखेत आकडा थोडा कमी येतो, म्हणून तेथे ९९.५ च्या पुढे गेला की तो ताप समजावा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हातून आलेल्या मुलाला आधी पाणी पाजून वीस मिनिटे सावलीत बसवा आणि मग मोजा.

औषधाच्या बाटलीविषयी एक सूचना मुद्दाम करते, कारण हा घोळ मी वारंवार पाहते. पॅरासिटामॉलचे सिरप वेगवेगळ्या ताकदीत मिळते. काही बाटल्यांत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत २५०. म्हणजे ‘एक झाकण’ म्हणून धाकटीच्या बाटलीतले दिले तर मोठ्याला निम्मेच पडते, आणि थोरल्याच्या बाटलीतले धाकटीला दिले तर दुप्पट पडते. मात्रा वयावर नव्हे, तर वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तुमच्या डॉक्टरांकडून दोन्ही मुलांचे मिलिलिटर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधून ठेवा.

या २४ तासांच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि सोलापूरकरांनी तो पाठच करून ठेवावा, असे मला वाटते. तो म्हणजे डेंगू. इतर तापांत ताप उतरला की मूल सुधारते; डेंगूमध्ये मात्र धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच सुरू होतो. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो, घरातले निर्धास्त होतात, आणि त्याच २४ ते ४८ तासांत काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागून रक्तदाब कमी होऊ शकतो. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या काळात दोन दिवसांहून जास्त ताप टिकला, डोळ्यांच्या मागे किंवा अंगात फार दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील त्या दिवशी रक्ततपासणी करा. ताप उतरल्यावर दोन दिवस मुलाला नजरेसमोर ठेवा. पोटात सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, सहा-सहा तास लघवी न होणे, किंवा मूल विलक्षण मलूल होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता सिव्हिल हॉस्पिटल गाठावे. डेंगूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेली औषधे देऊ नयेत. दुकानात ‘तापाचे जोरदार औषध’ म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर ही नावे आहेत का, ते वाचून घ्यावे.

डेंगू एका मुलापासून दुसऱ्या मुलाला शिंकेने किंवा स्पर्शाने होत नाही, त्यामुळे वर्गाच्या दृष्टीने त्या मुलापासून थेट धोका नाही. धोका डासापासून आहे, आणि तो डास दिवसा चावतो. उजनीचे पाणी उशाला असूनही आपल्या नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांआड येते. म्हणून प्रत्येक घरात पिंपे, बॅरल आणि हौद भरलेले असतात. पाणी संपण्याआधीच नवे भरले जाते, त्यामुळे बॅरलचा तळ कधी कोरडा होतच नाही. डासाची अंडी पाण्याच्या पातळीलगत आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामे करून आतून काथ्याने घासावे आणि तोंडाला जुने सुती कापड घट्ट बांधावे. तापाच्या दिवसांत मुलाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास धाकटीला चावणार नाही.

डेंगू किंवा टायफॉइडमधून उठलेल्या मुलाला शाळेत पाठवण्याचा दिवस डॉक्टरांनीच ठरवावा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे मूल लवकर थकते; अशा वेळी मैदानावरून सूट मागावी, वर्गातून नव्हे.

जुलाब-उलट्यांच्या बाबतीत मी शेवटच्या जुलाबापासून किंवा उलटीपासून ४८ तास मोजायला सांगते. काही ठिकाणी २४ तासांचा नियम आहे. पण आपल्या शाळांतली स्वच्छतागृहे आणि तिथला साबण (असलाच तर) लक्षात घेता मला दोन दिवस योग्य वाटतात. दुसरीतल्या मुलाला घाईची शौचाला लागली, तर हात वर करून परवानगी मिळेपर्यंत थांबता येत नाही आणि एकदा वर्गात फजिती झाली की तो ती वर्षभर विसरत नाही. घरी असताना ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते, ते पेल्यात थोडे थोडे टाकून देऊ नये. सोबत मऊ भात, पेज, ताक चालेल. डॉक्टरांनी झिंक दिले असेल तर जुलाब थांबले तरी ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावे. काही दिवसांच्या खंडानंतर नळाला आलेले पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका आणि पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळा. शौचास लागलेले रक्त, खोल गेलेले डोळे किंवा न थांबणारी उलटी दिसली, तर शाळेचा विचार सोडून दवाखाना गाठावा.

अंगावर उठणाऱ्या आजारांचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले आहेत. कांजिण्यांमध्ये शेवटच्या फोडावरही खपली धरेपर्यंत मूल घरीच राहायला हवे आणि त्याला सहसा पाच ते सात दिवस लागतात. हा आजार पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरत असतो, त्यामुळे ‘कोणी कोणाला दिला’ या चौकशीला फारसा अर्थ नसतो. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला माझी हरकत नाही. मात्र अंघोळ बंद ठेवू नये, नखे कापावीत आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. धाकटीला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही दिलेली नसेल, तर भावाच्या पाठोपाठ १० ते २१ दिवसांत तिलाही येऊ शकतात, म्हणून ते आठवडे कामाच्या दृष्टीने आधीच लक्षात ठेवा. शाळेलाही लगेच कळवा, कारण शिक्षिकांपैकी कोणी गरोदर असतील आणि त्यांना पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांशी तातडीने बोलणे गरजेचे असते. गोवरामध्ये पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडामध्ये सूज आल्यापासून पाच दिवस घरी ठेवावे. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा पावसाळी आजार, ज्याला डॉक्टर ‘हँड फूट माउथ’ म्हणतात, त्यात ताप गेला, फोड सुकू लागले आणि मूल खाऊ लागले की पाठवायला हरकत नसते. त्याचे विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतात, त्यामुळे पूर्ण निर्धोक होईपर्यंत थांबायचे म्हटले तर महिना जाईल. हात साबणाने धुण्याची सवय हाच त्यावर उपाय.

डोळे येण्याची साथ २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर आली होती, तेव्हा डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिले की आपलेही येतात, असे लोक सर्रास म्हणत. ते खरे नाही. हा आजार हात, रुमाल आणि टॉवेल यांतून पसरतो. डोळ्यांतून चिकट पाणी येणे थांबले की, म्हणजे बहुधा तीन ते पाच दिवसांत, शाळेत जाता येते. अख्ख्या देशाला टॉवेल पुरवणाऱ्या आपल्या गावात प्रत्येक मुलासाठी एक वेगळा टॉवेल असायला अडचण नसावी! दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र तपासणीशिवाय घालू नयेत. खरूज असेल तर घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मलम लावून दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवावे आणि मलम सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावावे. उवांसाठी तर शाळा बुडवण्याचे काहीच कारण नाही.

आता ज्याच्यामुळे सर्वांत जास्त दिवस बुडतात त्या सर्दी-खोकल्याकडे वळते. ताप नाही, मूल खेळते आहे, नाक वाहते आहे आणि अधूनमधून खोकला येतो, एवढ्यावर घरी ठेवू नये. येथे पतींचे म्हणणे बरोबर आहे. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि तो पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे ठरवले, तर पावसाळ्यात मूल शाळेत जाणारच नाही. दप्तरात दोन रुमाल द्या आणि कोपरात खोकायला शिकवा. श्वास मात्र मोजायला शिका: मूल शांत झोपलेले असताना छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायची. सात वर्षांच्या मुलात ती तीसच्या वर किंवा तीन वर्षांच्या मुलीत चाळीस वा त्याहून अधिक भरली, बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. घशात पू होऊन डॉक्टरांनी प्रतिजैविक सुरू केले असेल, तर पहिल्या मात्रेनंतर एक पूर्ण दिवस घरी काढून, ताप नसल्यास पाठवता येते. गोळ्या मात्र पूर्ण दिवसांच्या संपवाव्यात. थोरल्याचे खोकल्याचे औषध धाकटीला कदापि देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांना अशा औषधांचा सहसा उपयोग होत नाही आणि अपाय होऊ शकतो.

तुमच्या घरापुरते आणखी एक. आजारी मूल घरी राहिले की ते आजीजवळ बसणार हे उघड आहे, आणि आजीच्या मांडीवरच्या सुपात तंबाखू आहे. त्या तंबाखूची बारीक धूळ हवेत उडते आणि आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना ती चांगलीच झोंबते. सासूबाईंचे काम बंद ठेवा, असे मी सांगणार नाही. मुलाचे अंथरूण दुसऱ्या खोलीत किंवा निदान सुपापासून दूर, खिडकीकडे घालावे, आणि मुलाला भरवण्यापूर्वी त्यांनी हात साबणाने धुवावेत. घरी असला की खोकला वाढतो आणि शाळेत गेला की कमी होतो, असे तुमच्या लक्षात आले असेल, तर त्याचे एक कारण हे असू शकते.

चिठ्ठीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. साध्या तापानंतर डॉक्टरांकडे नेऊन ‘तंदुरुस्त’ असे लिहून आणण्याने फारसे काही साधत नाही. मूल समोर बसवून त्याच्या नाकात अजून विषाणू आहे की नाही, हे कोणत्याही डॉक्टरला दिसत नाही. आम्ही आईला विचारतो की शेवटचा ताप कधी आला आणि तेच कागदावर लिहितो. तेवढ्यासाठी गर्दीच्या दवाखान्यात तासभर बसवलेले मूल नवा आजार घेऊन परतण्याची शक्यताच जास्त. कांजिण्या, गोवर, टायफॉइड, कावीळ, क्षयरोग यांसारख्या आजारांत मात्र चिठ्ठी मागणे योग्य आहे आणि ती द्यायलाच हवी. मुख्याध्यापकांना भेटून एवढेच सुचवा की तीन दिवसांपर्यंतच्या साध्या आजारासाठी पालकांचे सहीचे पत्र चालावे, आणि त्यात शेवटचा ताप व शेवटचे औषध यांची वेळ लिहिलेली असावी. जाताजाता, वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला बक्षीस देण्याची पद्धत शाळांनी बंद करावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. त्या बक्षिसासाठी कितीतरी मुले तापात वर्गात येऊन बसतात.

मजुरीचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो मूळ प्रश्न आहे. त्या सकाळी तुम्ही औषध पाजून पाठवलेत, ते निष्काळजीपणामुळे नव्हे, तर त्या दिवसाच्या डझनांचा हिशेब डोक्यात असल्यामुळे. पण अर्धवट बरे झालेले मूल पाठवले, तर एका दिवसाची मजुरी वाचत नाही. निम्म्या दिवसातून उठून शाळेत जावे लागते, पुढचे दोन दिवस जातात आणि बऱ्याचदा धाकटीचेही दुखणे मागे लागते. म्हणून दिवस वाटून घ्यावेत. पतींची रात्रपाळी असलेल्या आठवड्यात ते दिवसा घरी असतात. त्यांना झोप हवीच, तरी दुपारी दोननंतर मुलाकडे पाहणे त्यांना अवघड जाऊ नये. सकाळचे तास सासूबाईंनी सांभाळावेत. ताप चढता असेल तो पहिला-दुसरा दिवस आईने घरी राहावे आणि ताप उतरल्यानंतरचा सक्तीच्या विश्रांतीचा दिवस इतरांवर सोपवावा, असे मी सुचवेन, मात्र डेंगूचा संशय असेल तर हे उलट करावे लागेल. औषध कधी दिले, किती दिले आणि ताप किती होता, हे कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिण्याचा नियम करा, म्हणजे पाळी बदलली तरी मात्रा दोनदा पडणार नाही.

पोटदुखीविषयी. तुमचा मुलगा खोटे बोलतो, असे समजून सुरुवात करू नका. त्याला वर्गात सर्वांसमोर आजारी पडावे लागले आणि आपल्यामुळे आई बोलणी खाते, हेही त्याने पाहिले; या वयाच्या मुलाच्या मनातली भीती पोटातच दुखते आणि ती दुखते हे खरेच असते. दुखणे बेंबीभोवती असेल, सकाळी सुरू होऊन शाळेची वेळ टळली की थांबत असेल, रविवारी होत नसेल आणि खाणे-खेळणे नीट असेल, तर काळजीचे कारण कमी. झोपेतून उठवणारे, बेंबीपासून दूर आणि विशेषतः उजवीकडे खाली दुखणारे, उलटी, ताप, शौचातून रक्त किंवा वजन घटणे यांसह असणारे दुखणे मात्र तपासून घ्यायलाच हवे. पहिल्या प्रकारात मुलाला शाळेत पाठवावे, पण दटावून नव्हे. नाश्ता थोडा लवकर द्या, शौचाला बसण्याइतका वेळ ठेवा, बद्धकोष्ठ आहे का पाहा आणि पोटात दुखलेच तर बाईंना सांगून पाच मिनिटे बाकावर डोके टेकता येईल, असे त्याच्यादेखत बाईंशी ठरवा. एखाद्या दिवशी घरी ठेवावेच लागले, तर तो दिवस आजारपणाचा असावा: अंथरूण, पेज, गोष्टीचे पुस्तक, आणि मोबाइल नाही. वर्गात कोणी चिडवते का, हे शाळा सुटल्यावर न विचारता रात्री झोपताना विचारा. मुले अंधारात जास्त बोलतात.

राहता राहिल्या बाई. त्यांनी इतरांसमोर बोलायला नको होते, हे मान्य. पण चाळीसेक मुलांच्या वर्गात एक मूल तापाने पडलेले असताना त्यांच्याजवळ ना थर्मामीटर असतो, ना औषध देण्याची परवानगी. शनिवारी शाळा सुटताना त्यांना पाच मिनिटे भेटा. ‘यापुढे औषध देऊन पाठवणार नाही, आणि सर्दी-खोकला असताना पाठवले तर वहीत तसे लिहून देईन’ एवढे सांगितलेत, तरी त्यांचा रोख बदलेल, असा माझा अंदाज आहे. त्याच वेळी शाळेच्या नोंदवहीतले फोन क्रमांक तपासून घ्या. कारखान्यात मशिनच्या आवाजात तुम्हाला फोन ऐकू येत नाही, म्हणून सासूबाईंचा क्रमांक पहिला, पतींचा दुसरा आणि तुमच्या मुकादमांचा तिसरा, असा क्रम लिहून द्या.